कोमाद्रेचे काचेचे भांडे

मंगळवारी सकाळी ब्राँक्सच्या कौटुंबिक न्यायालयासमोर नेहमीसारखी रांग लागली होती. पट्टे काढा, खिसे रिकामे करा, असे पहारेकरी एकसुरात सांगत होते. या इमारतीची एक खोड आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. आत गेलेल्या माणसाने कशासाठीही बाहेर पाऊल टाकले, की त्याला पुन्हा रांगेच्या शेपटाला उभे राहावे लागते. त्यात निम्मी सकाळ जाते.

युडेल्का वेळेवर आत पोचली होती. मारकुट्या नवऱ्याने, विल्टनने, घराकडे फिरकू नये असा तात्पुरता हुकूम तिला मिळालेला होता आणि आज तो वाढवून घ्यायचा होता. अट एकच: पुकारा होईल तेव्हा ती हजर हवी. नसली तर अर्ज निकालात आणि हुकूमही संपला.

तिच्याजवळ अबेना बसली होती. ही कायद्याची विद्यार्थिनी. आईबाप घानाचे, पण पोर याच गल्ल्यांत वाढलेली, त्यामुळे स्पॅनिश अगदी बाजारातल्या बायकांसारखी बोलायची. अशा बायकांचे अर्ज लिहून द्यायचे, त्यांच्या शेजारी बसायचे, हे काम तिने आणि तिच्या सोबत्यांनी बिनपगारी अंगावर घेतले होते. न्यायाधीशांपुढे तोंड उघडायची परवानगी मात्र त्यांना नव्हती.

"खाली जाऊ नका हं," अबेनाने बजावले आणि दुसऱ्या एका बाईचा अर्ज लिहायला ती पलीकडच्या खोलीत गेली. पोटात काही आहे का, हे विचारायचे तिला सुचले नाही. युडेल्काने भीतीपोटी आदल्या दुपारपासून घास गिळला नव्हता.

एवढ्यात नेरेइदाचा फोन आला. ही युडेल्काच्या मुलाची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी मूल जिने हातात धरले ती आणि मुलाची आई एकमेकींना कोमाद्रे म्हणतात, आणि कोमाद्रेचा शब्द आमच्याकडे सख्ख्या बहिणीपेक्षा जड. नेरेइदा तुरीचे दाणे घातलेला गरम भात घेऊन दाराबाहेर उभी होती. भांडे काचेचे होते आणि पहारेकरी काच आत नेऊ देत नाहीत.

"पोरी, दोन घास खा आणि जा वर," ती म्हणाली. "उपाशी उभी राहशील आणि चक्कर येऊन पडशील. मी काय परकी आहे?"

युडेल्का खाली गेली. बाहेरच्या बाकावर नेरेइदाने तिला वाढले आणि वाढता वाढता समजूत घालायला सुरुवात केली. हात उचलला हे त्याचे चुकलेच, पण पोराच्या बापाला कुणी कोर्टाची पायरी दाखवते का? नेरेइदाच्या स्वतःच्या हनुवटीलाही एकेकाळी नवऱ्याच्या मारामुळे टाके पडले होते. ती कुठे गेली होती का कुणाकडे? आज तोच म्हातारा तिचे पाय चेपून देतो. युडेल्का दोनदा उठू लागली. तेव्हा नेरेइदाने तिचे दोन्ही हात धरले आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. देवाचे नाव घेणाऱ्या वडीलधाऱ्या बाईच्या हातातून हात कसा सोडवायचा?

मला या मायेचा राग येतो आणि तो लपवायचे काही कारण दिसत नाही. मारणारा एकटाच असतो. बाईला पुन्हा त्याच्यापुढे नेऊन उभे करायला मात्र सगळे गणगोत धावते.

वर पुकारा झाला. रिकामी खुर्ची पाहून अबेना थेट सुनावणीच्या दालनात धावली आणि बाई इमारतीपाशीच आहे, असे सांगू लागली. न्यायाधीशबाईंनी तिला बसायला सांगितले, कारण विद्यार्थिनीला बोलण्याचा अधिकार नव्हता. दुसरा पुकारा झाला. अर्ज निकालात निघाला. त्या वेळी युडेल्का खाली रांगेत उभी होती, पट्टा हातात घेऊन.

रविवारी विल्टन आला. येताना मुलासाठी चेंडू घेऊन आला. जेवण होईपर्यंत गोड बोलला आणि मग त्याने दाराला आतून कडी घातली. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले तोवर युडेल्काचा जबडा मोडला होता आणि डावा डोळा गेला होता.

नवीन अर्जाच्या सुनावणीला विल्टन जामिनावर सुटून आला होता. त्याचा वकील म्हणाला, की मागच्या वेळी बाईने आपल्या मर्जीने खटला सोडला, निवांत जेवत बसली होती, विचारा त्या धर्ममातेला. युडेल्काचा जबडा तारेने बांधलेला होता. तिला बोलता येत नव्हते आणि अबेनाला बोलायची मुभा नव्हती. नवऱ्याकडच्यांनी साक्षीला आणलेली नेरेइदा उभी राहिली. तिने युडेल्काच्या डोळ्यावरच्या पट्टीकडे पाहिले.

"मर्जीनं नाही, बाईसाहेब," ती म्हणाली. "मी बोलावलं म्हणून आली. विल्टनच्या आईनं सांगितलं होतं, पुकारा होईपर्यंत धरून ठेव. काच आत नेऊ देत नाहीत, हे मला ठाऊक होतं. माझ्या भाचीच्या वेळीही मी तेच भांडं आणलं होतं."

न्यायाधीशबाईंनी भाचीचे पुढे काय झाले ते विचारले. नेरेइदाने युडेल्काच्या डोळ्यावरच्या पट्टीकडे बोट दाखवले.

हुकूम मिळाला, चांगला लांब मुदतीचा. डोळा काही परत येणार नव्हता. दालनाबाहेर आल्यावर नेरेइदाने युडेल्काचा हात धरायला हात पुढे केला. युडेल्काने आपले दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि ती लिफ्टकडे चालू लागली.

अबेना आता दप्तरात कायद्याच्या पुस्तकांबरोबर कागदात गुंडाळलेले पाव घेऊन येते. यात कायदा कुठे आला, असे तिच्या एका प्राध्यापकांनी हसून विचारले, तेव्हा ती हसली नाही. आलेल्या प्रत्येक बाईला ती आधी विचारते, "खाल्लंत का?"

परवा एक विशीतली मुलगी म्हणाली, "नाही. पण आत्या डबा घेऊन आलीय, खाली थांबलीय. जाऊन येऊ?"

अबेनाने पाव तिच्या हातात ठेवला. मग शेजारची खुर्ची ओढून ती मुलीच्या आणि दाराच्या मधे बसली आणि पुकारा होईपर्यंत जागची हलली नाही.