सोनदऱ्यातला धाऊ

येसाजी मुकादम रेल्वेच्या नोकरीतून मोकळा होऊन दहिवलीला घरी आला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा दोन वेळा निवांत जेवेल, देवळाच्या पारावर बसेल आणि घाटातल्या गोष्टी सांगेल. एकोणचाळीस वर्षं त्यानं बोरघाटाच्या लाइनीवर काढली होती. बिगारी म्हणून लागला आणि मुकादम होऊन सुटला. कुठल्या बोगद्यात पाणी झिरपतं, कुठली दरड कुठल्या पावसात सुटते, हे साहेबसुद्धा त्याला विचारून घेत. पण घरी येऊन महिना झाला नाही, तोच एका सकाळी त्यानं पहार घेतली, दगड फोडायची सुतकी घेतली, भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि बायकोला म्हणाला, "मी सोनदऱ्याला चाललो."

इंदूबाई चुलीशी होती. तिनं मान वळवून पाहिलं. "अवो, या वयात?"

"आजवर सवड कुठं व्हती?"

लग्न झाल्यापासून ती एक गोष्ट बघत आली होती. गावात कुणी सोन्याच्या खाणीचा विषय काढला की येसाजी हातातलं काम टाकून ऐकत बसे.

खाणीची गोष्ट कर्जतपासून खालापूरपर्यंत सगळ्यांना पाठ होती. कोंडिवड्याच्या वर, जिथं डोंगर मधोमध फाटल्यासारखा दिसतो, त्या सोनदऱ्यात जुन्या राजाची सोन्याची खाण होती. शत्रू आला तेव्हा राजाच्या माणसांनी वरचा कडा पाडून खाणीचं तोंड बुजवलं, आणि ते कुठं आहे हे सांगायला कुणी उरलं नाही. गोष्ट सांगायचे ते खालच्या गावातले लोक. वरच्या ठाकरवाड्यांमधून ती कधी कुणी ऐकली नव्हती.

येसाजीच्या हयातीत या गोष्टीला आणखी एक शेपूट जोडलं गेलं. करंजवाडीच्या धाऊ ठाकराला ती खाण सापडली, त्यानं पोतंभर सोनं काढलं आणि तो घाट चढून वर देशावर पळाला. कुणी म्हणे, जुन्नरच्या बाजारात तो दिसला, अंगावर शालजोडी होती. कुणी म्हणे, त्याच्या दाराशी चार घोडी आहेत. असं सांगणारा माणूस भेटला की येसाजी त्याला बसवून घेई, चहा पाजी आणि पुन्हा पुन्हा विचारी, "तू सोता पाह्यलंस का? चालताना जरा डावीकडं झुकत व्हता का?" शेवटी सांगणारा कंटाळून म्हणे, मी नाही पाहिलं बुवा, ऐकलेलं सांगतोय.

धाऊ हा येसाजीचा लहानपणापासूनचा सोबती. कारवीच्या काठ्या तोडायला, मध काढायला दोघं बरोबर जात. एकोणीस वर्षांचे असताना धाऊनं त्याला कमरेच्या फडक्यातून एक दगड काढून दाखवला होता. काळ्या दगडाच्या पोटात पिवळे, चमकते खडे बसलेले. "दऱ्यातला हाय," धाऊ म्हणाला होता. "कुनाला बोलू नको रं. आमच्या म्हाताऱ्यांना आवडत नाय तिथं कुनी गेलेलं."

त्यानंतर दोन महिन्यांनी धाऊ नाहीसा झाला, आणि येसाजी रेल्वेत लागला.

पहिल्या हिवाळ्यात येसाजी एकटाच डोंगरात फिरला. दुसऱ्याही. पहाटे निघायचा, कधी दोन-दोन दिवस कोंडिवड्याला मुक्काम करायचा. सोनदरा एक नव्हता. एकातून फुटलेल्या सात-आठ घळी होत्या, आणि प्रत्येकात कधी ना कधी कोसळलेल्या दगडांचे ढीग होते. तो सुतकीनं दगड ठोकून बघे, आवाज ऐके आणि पुढं जाई. दोन्ही वर्षी तो करंजवाडीला सोमीकडेही गेला. सोमी म्हणजे धाऊची धाकटी बहीण. तिचा नवरा लवकर गेला होता आणि ती माहेरीच राहत होती, म्हातारी आई आणि मुलगा पदू यांच्याबरोबर. येसाजीनं विचारलं, "सोमे, दऱ्याची वाट दाखवशील?" दोन्ही वेळा तिनं नकारार्थी मान हलवली आणि सुपातली नाचणी पाखडत राहिली. आतून म्हातारीचा आवाज येई, "कोन आलंय? धाऊचा निरोप हाय का गं?"

तिसऱ्या वर्षी, पौष सरता सरता, सोमीचा पदू स्वतः दहिवलीला आला. म्हणाला, "आयनं बोलावलंय. पहार घेऊन या म्हनाली."

येसाजी दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत वाडीत पोचला. म्हातारी दिसली नाही. ती श्रावणात गेली होती. सोमी कोयता घेऊन तयारच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "चल," आणि पुढं झाली. पदू मागून आला.

सोमी पन्नाशी ओलांडलेली बाई, पण कारवीच्या रानातून ती अशी चालत होती की येसाजीला दम लागला. त्यानं दोन हिवाळे ज्या घळींमध्ये घालवले त्या सगळ्या तिनं डावीकडं टाकल्या. एका ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वर नेलं, एका सुळक्याला वळसा घातला, आणि दुपारच्या सुमाराला ते एका अरुंद जागी येऊन थांबले. समोर कड्याचा एक भला मोठा तुकडा तुटून खाली आला होता. त्याच्या बाजूला, कड्याच्या अंगात, माणसानं खोदलेला जेमतेम हातभर खोल कोनाडा दिसत होता. घणाचे घाव अजून ओळखू येत होते.

येसाजी पुढं गेला. कोनाड्याच्या भिंतीत पिवळे खडे बसलेले होते. ऊन पडलं होतं आणि ते चमकत होते. त्यानं सुतकीच्या टोकानं एक खडा काढला, तळहातावर ठेवला, लोखंडानं दाबला. खडा फुटून त्याची साखरेसारखी भुकटी झाली.

असे खडे त्यानं घाटात शेकडो पाहिले होते. बोगद्याचं काम चाललं की पाटीपाटीनं निघत, आणि बिगारी ते खडीत टाकून देत. पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो रात्रभर झोपला नव्हता. मग त्यानं मनाची समजूत घातली होती की धाऊचा दगड वेगळा होता, रंगानं गडद होता, जड होता. एकोणचाळीस वर्षं त्यानं तो दगड मनात जड ठेवला होता.

"खान हीच," सोमी मागून म्हणाली. "एवडीच हाय."

"आन् धाऊ?"

तिनं हातातल्या कोयत्यानं पडलेल्या कड्याकडं दाखवलं.

येसाजी खाली बसला. पदू पाणी आणायला ओढ्याकडं गेला. सोमी थोड्या अंतरावर दगडावर बसली आणि आजच घडल्यासारखं तिनं सांगितलं. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. खोताचा कारभारी चार माणसं घेऊन वाडीत आला आणि धाऊला दंडाला धरून घेऊन गेला. ती लपत-छपत मागून गेली. वरच्या कारवीत पडून तिनं सगळं पाहिलं. धाऊ म्हणत होता, इथं खालून खोदू नका, वरचा दगड सुटलाय. कारभाऱ्यानं ऐकलं नाही. तो त्याला खोदायला लावत होता आणि स्वतः लांब उभा होता. तिसऱ्या प्रहरी कडा खाली आला. ती माणसं पळाली. खाली जाऊन त्यांनी सांगितलं, ठाकर सोनं घेऊन पळाला. पुढची चार वर्षं कारभाऱ्यानं वाडीतल्या कुणालाही त्या बाजूला फिरकू दिलं नाही.

"तुमी कुनाला सांगितलं नाय?"

"बापाला सांगितलं. तो म्हनला, गप ऱ्हा, न्हाय तर वाडी उठवतील. मंग बाप गेला. आये रोज वाटंकडं बघायची, माझा धाऊ श्रीमंत झालाय, येईल म्हनायची. तिला काय सांगू? ती गेली, मंग तुला बोलावलं."

मग येसाजीनं डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "सोमे, कारभाऱ्याला मी सांगितलं व्हतं."

"ठावं हाय मला."

त्यानं वर पाहिलं.

"नोकरीसाटी रेल्वेच्या साहेबाला चिठ्ठी पायजे व्हती मला," तो म्हणाला. "कारभारी दोन येळा नाय म्हनला. तिसऱ्या येळी त्याच्या ओसरीवर बसलो आन् बोलून गेलो, की धाऊला दऱ्यात पिवळा दगड गावलाय. मला वाटलं, खूश व्हईल. आठ दिसांत चिठ्ठी दिली त्यानं. पन धाऊ पळाला असंच ऐकलं मी. सोनं घेऊन सुखात हाय, असंच धरून चाललो."

"कारभारीच म्हनला धाऊला," सोमी सांगू लागली. ती त्याच्याकडं बघत नव्हती, समोरच्या दगडाकडं बघत होती. "धाऊ वर चढताना सारखं एकच बोलत व्हता, येसू सांगायचा नाय, येसू नाय सांगायचा. तवा कारभारी हसला. म्हनला, येसूला कालच चिठ्ठी दिलीया मी. मंग धाऊ गप झाला. पुन्हा बोलला तो दगड सुटलाय म्हनून, तेवडंच."

येसाजी उठला आणि तिच्या पायांशी वाकला. तिनं पाय मागं घेतले.

"पाय धरू नको माझं," सोमी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बापानं दोनदा चोरून येऊन बघितलं, दगड हलला नाय. तुजा जलम दगड हलवन्यात गेला. धाऊला भाईर काढ."

त्या संध्याकाळी येसाजी घरी गेला नाही. पदूच्या हाती इंदूबाईला निरोप धाडला, आणि मोठी पहार, दोर आणि सागाच्या ओंडक्यांचे तुकडे मागवले. दुसऱ्या दिवशी वाडीतली चार माणसं आली. येसाजीनं त्यांना कामाला लागू दिलं नाही. आधी तो एकटाच त्या ढिगाभोवती फिरला, प्रत्येक दगडावर सुतकी मारून कान लावला. कुठला टेकलेला आहे आणि कुठला नुसता अडकलेला आहे, हे त्यानं चुन्याच्या खुणांनी नोंदवलं. वरचा कड्याचा भाग पाहिला, तिथं दोन ओंडके ठोकून बसवले. मग म्हणाला, "खालून एक बी खडा काढायचा नाय. वरून. मी सांगीन तेवडाच."

नऊ दिवस काम चाललं. बिगारी असताना जे पहिल्या वर्षी शिकला होता ते सगळं त्यानं त्या माणसांना शिकवलं. पहार कुठं घालायची, पाय कुठं ठेवायचा, दगड सरकला की कुठल्या अंगाला उडी मारायची. त्याची स्वतःची कंबर चौथ्या दिवशीच धरली होती. पदू म्हणायचा, "आजा, बस जरा." तो बसत नसे. सोमी रोज दुपारी भाकरी आणि ताडगूळ घेऊन येई, सगळ्यांना देई. येसाजीला हातात न देता दगडावर ठेवी. तो ती उचलून खाई.

पाचव्या दिवशी इंदूबाई चढत आली. कोंडिवड्याच्या एका गुराख्यानं तिला वाट दाखवली होती. तिनं काही विचारायच्या आत येसाजीनं तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. तिनं ऐकून घेतलं. आपला संसार कुठल्या नोकरीवर उभा राहिला, हे तिला त्या दिवशी कळलं. ती खाली परतली नाही. वाडीतच राहिली आणि सोमीबरोबर भाकऱ्या थापू लागली. दोघी एकमेकींशी फारसं बोलत नव्हत्या.

नवव्या दिवशी शेवटचा मोठा धोंडा उरला. येसाजीनं सगळ्यांना मागं केलं, दोर स्वतः बांधला, पाचर स्वतः ठोकली. धोंडा हळूच कलला आणि घळीत गेला. खाली माती होती. ती त्यानं हातांनी उकरली. आधी कोयत्याचं गंजलेलं पातं लागलं, मग हाडं. मनगटापाशी तांब्याचं कडं होतं. सोमीनं ते पाहिलं आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. आईनं देवाला नवस बोलून ते कडं धाऊच्या हातात घातलं होतं.

येसाजीनं एकेक हाड उचलून नव्या टोपलीत, नव्या कापडावर ठेवलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, आणि कुणी अडवलंही नाही. वाडीत नेऊन त्यांच्या रीतीनं, म्हातारीच्या शेजारी, धाऊला माती दिली. माती टाकायला येसाजी पुढं झाला नव्हता. पदूनंच त्याला हाताला धरून पुढं आणलं. सोमी बाजूला सरकली.

निघताना तो तिच्या दारात उभा राहिला. "सोमे, येत जाऊ का कधी?"

ती उंबऱ्यावर बसून नाचणी निवडत होती. "धाऊनं तुला घरात आनलं व्हतं," ती म्हणाली. "मी नाय. पन वाट कुनाची अडवत नाय आमी."

तो आणि इंदूबाई उन्हं उतरताना दहिवलीला पोचले. दुसऱ्या दिवसापासून लोक येऊ लागले. मुकादम नऊ दिवस सोनदऱ्यात होता, टोपली भरून काहीतरी वाडीत नेलं, हे खालापूरपर्यंत पसरलं होतं. शिळफाट्यावरचा एक दुकानदार तर खास गाडी करून आला. येसाजीनं सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि सगळी हकीकत सांगितली. काहींनी ती ऐकून मान खाली घातली. बरेचजण उठताना एकमेकांना खुणावत गेले, की म्हातारा पक्का आहे, खाण लपवतोय.

पुढं तो सात वर्षं जगला. खाणीच्या शोधात कुणी ना कुणी येतच राहिलं, आणि दारात आलेल्या प्रत्येकाला त्यानं ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. कारभाऱ्याच्या ओसरीवर आपण काय बोललो, ते तो कधीच वगळत नसे.