उलट्या दाराची साक्ष

मी दार बोलतोय. ठोठावत बसू नका, उघडाच आहे. या, पण पाय पुसून या. चिखलाचं नाव काढलं तरी हल्ली माझ्या अंगावर काटा येतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी उलटा होतो. स्वभावानं नाही हो, स्वभाव सरळच आहे. अंगानं उलटा. डोकं खाली, पाय वर, अशा अवस्थेत मी या चौकटीत छत्तीस वर्षं काढली. माणसं पाच मिनिटं डोक्यावर उभी राहिली तर गावभर सांगत सुटतात. मी कुणाला सांगू?

माझी घडण अगदी साधी. चार जाड फळ्या उभ्या, दोन पट्ट्या आडव्या, एक वर, एक खाली. उंची पुरी सहा फूट. वरून पाहा, खालून पाहा, सारखाच देखणा. हा देखणेपणाच पुढं माझ्या मुळावर आला.

माझा मालक नावाडी. नदीच्या काठावर त्याचं एकच घर, बाकी गाव वर चढावर. पूल नव्हता, म्हणून नाव होती, आणि नाव होती म्हणून नावाड्याला अख्ख्या गावात भाव होता. या तीरावरची माणसं त्या तीरावर नेताना तो गप्पा हाणायचा. एकदा म्हणे त्यानं एवढा मोठा मासा धरला की तो नावेत मावेना. मग त्यानं नाव माशावर ठेवली आणि घरी आणली. ऐकणारे हसायचे, आणि उतरताना पुन्हा एकदा सांगायला लावायचे.

एका पावसाळ्यात नदी थेट आमच्या घरी आली. बोलावणं नाही, निरोप नाही. नावाड्याची बायको दोन महिन्यांच्या तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी गेली होती. घरात नावाडी, एक कोंबडा आणि मी. नाव तर दोर तोडून केव्हाच पसार झाली होती. नावाड्यानं कोंबडा काखेत मारला आणि माळा गाठला. दुसऱ्या दिवशी पाणी किती आहे ते बघायला तो शिडीवरून खाली उतरला. पाय जमिनीला टेकले तेव्हा पाणी बरोबर त्याच्या गळ्याला लागलं. तसा तो जो वर गेला तो पूर ओसरल्यावरच उतरला.

माझ्या आतल्या अंगावर चिखलाची रेघ उमटली होती. नावाड्यानं चाकू घेतला आणि त्या रेघेवर एक खोल खाच पाडली. मला थोपटून म्हणाला, “आता तूच साक्षीला. उद्या कुणी खोटं पाडायला आलं तर सांग, पाणी गळ्यापर्यंत होतं.”

मी मनातल्या मनात शपथ घेतली. दुसरा साक्षीदार कोंबडा होता, पण पुढच्याच महिन्यात पाहुणे आले आणि तो खर्ची पडला. उरलो मी एकटा.

चारएक वर्षांनी माझं खालचं टोक कुजलं. नावाडी नवी नाव बांधून आणायला पंधरा दिवस परगावी गेला होता, आणि फटीतून मांजर आत शिरून दूध पीत होतं. नावाड्याच्या बायकोनं सुताराला बोलावलं. सुतार तेव्हा अगदी कोवळा. मिसरूड फुटायचं होतं, पण कानावर पेन्सिल होती.

“वहिनी, नवी फळी कशाला घालायची?” तो ऐटीत म्हणाला. “दार फिरवून उलटं लावतो. कुजकं टोक वर जाईल. वर कुठं पाणी लागणार आहे?”

“कसंही लाव बाबा, पण लाव. मांजर माजलंय नुसतं.”

झालं! मला गरकन फिरवलं आणि वर हिरवा रंग फासला. गळ्याजवळची खाच आता गुडघ्याजवळ आली. सहा फुटांच्या दाराचं असंच होतं, करणार काय?

आजवर डाव्या हाताला उघडणारा मी आता उजव्या हाताला उघडू लागलो. नावाडी परत आला आणि आठवडाभर रोज माझ्यावर कपाळ आपटून घेत राहिला. मला लाख शिव्या दिल्या, पण दार उलटं झालंय हे काही त्या कपाळात शिरलं नाही. खाचही कुणाला दिसायची नाही, कारण दिवसभर मी उघडा आणि माझं आतलं अंग भिंतीला चिकटलेलं. ज्या बाईला ठाऊक होतं तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही, आणि पुढं ती बिचारी देवाघरी गेली.

वर्षं गेली. पूल झाला, नाव बसली, नावाड्याचे आजोबा झाले. मुलगा पिठाची गिरणी चालवू लागला, सून शिवणकाम करू लागली. नात दहा वर्षांची, आणि तिचं तोंड आजोबांवर गेलेलं. पुलामुळं काठावर नवी घरं आली. अगदी शेजारी दूधवाला राहायला आला, चार म्हशी आणि एक मोठं हसू घेऊन.

एकदा घरात सगळे बसले होते आणि आजोबांनी पुराची गोष्ट काढली. “पाणी माझ्या गळ्यापर्यंत!”

दूधवाला म्हणाला, “तो मासा पण तेव्हाचाच का हो?”

आजोबा चिडले. “मासा सोड. हे खरंय. खोटं वाटत असेल तर दार बघ. मी स्वतः खाच पाडलीय.” आणि मोठ्या तोऱ्यात त्यांनी मला भिंतीपासून ओढून लावून घेतलं.

खाच गुडघ्याला!

असा हशा पिकला की काय सांगू. दूधवाला तर जमिनीवर बसला. आजोबा खाचेकडं बघतच राहिले. “ही खाली कशी सरकली?” एवढंच म्हणाले. मग तर काय, हसणाऱ्यांना दम लागला. त्या दिवसापासून सगळे त्यांना ‘गळाभर’ म्हणू लागले. “काय गळाभर, आज दूध किती, गुडघाभर देऊ का?” असलं चालायचं.

दुपारी सगळे पांगल्यावर आजोबा माझ्यासमोर पाटावर बसले. खाचेवरून बोट फिरवत म्हणाले, “माझंच काहीतरी चुकत असेल. दार कशाला खोटं बोलेल?”

तेव्हा मला रडू कोसळलं असतं, पण आमच्यात रडायची सोय नाही. आम्ही फक्त करकरतो. मी जीव तोडून करकरलो. सुनेनं उठून बिजागरीत तेल घातलं.

त्यानंतर आजोबांनी गोष्टी सांगणं सोडलं. पुराची नाही, माशाचीसुद्धा नाही. नात मागं लागली की म्हणायचे, “मला नीट आठवत नाही गं.” मात्र पावसाळा लागला की ते गुपचूप आपली वळकटी माळ्यावर नेऊन ठेवायचे, आणि घरात सगळे तोंडावर हात ठेवून हसायचे. मला वाटायचं, एक दिवस तरी मला तोंड फुटू दे. एकच वाक्य बोलेन आणि पुन्हा लाकूड होईन.

मग यंदाचा पाऊस आला. चार दिवस थांबायचं नाव नाही. पाचव्या दिवशी सकाळी पाणी उंबरठा चढून आत आलं. मुलगा जराही डगमगला नाही. सुनेचं शिलाई मशीन आणि शाळेच्या गणवेशांचे बेचाळीस जोड त्यानं कमरेएवढ्या टेबलावर ठेवले.

“आजवरचा सगळ्यात मोठा पूर गुडघ्याएवढा,” माझ्या खाचेकडं बोट दाखवून तो म्हणाला. “दारावर लिहिलंय. टेबल त्याच्याहून उंच. घाबरायचं काही काम नाही.”

माळ्यावरून आजोबांचा आवाज आला. “मशीन वर द्या. आणि सगळे शाळेत चला, चढावर.”

“बाबा, तुम्ही पडून राहा हो.”

बघा म्हणजे झालं! माझ्या नावावर घर बुडायची वेळ आली, आणि मी आपला उभा. त्या मशीनवर सुनेनं घर उभं केलं होतं. नात तर टेबलाखालच्या पाण्यात पाय आपटत बसली होती. मी करकरायला गेलो, तर तेलामुळं आवाजच फुटेना.

मग मला सुचलं, दार अडलं की सुताराला बोलावतात, आणि मी उलटा आहे हे ठाऊक असलेला तोच एक उरला होता. मी फुगलो. पावसाळ्यात आम्ही सगळेच थोडे फुगतो, पण ते आपोआप. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम फुगलो. पाणी प्यायलो, श्वास धरला आणि चौकटीत असा घट्ट बसलो की मुलगा बाहेरचं पाणी बघायला दार उघडू लागला तेव्हा मी तसूभर हललो नाही. त्यानं पाय लावून ओढलं. कडी त्याच्या हातात आली आणि तो पाण्यात बदकन बसला.

“आजोबा, बाबा बुडाले!” नात आनंदानं ओरडली.

“किती पाण्यात?”

“बसले तर पोटापर्यंत!”

सुनेनं खिडकीतून दूधवाल्याला हाक मारली. दूधवाला चढावर धावला आणि सुताराला घेऊन आला. तोच सुतार, आता मिशा पांढऱ्या, पण पेन्सिल अजून कानावर. खिडकीला गज, दार आत उघडणारं, बाहेरून काय करणार? शेवटी गडी हत्यारांची पिशवी गळ्यात अडकवून छपरावर चढला, चार कौलं काढली आणि माळ्यावर थेट आजोबांच्या वळकटीवर उतरला.

“या, बसा,” आजोबा म्हणाले.

सुतार शिडीवरून खाली आला, उपड्या बादलीवर उभा राहिला आणि माझी वरची कड चाचपू लागला. तिथं त्याचं बोट भसकन आत गेलं.

“कुजकं?” तो पुटपुटला. “दार वरून कसं कुजेल?” मग त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. “अरे! हे तर माझं पहिलं काम! मीच लावलंय हे दार, उलटं करून. खालचं टोक वर घेतलं होतं. बघा, अजून कसं टिकलंय!”

सुतार कौतुकाची वाट बघत बादलीवर उभा होता.

मुलगा हळूच पुढं आला. माझ्या वरच्या कडेपासून खाली त्या खाचेपर्यंत त्यानं वितीनं मोजलं. सहा विती. मग खाली वाकून पाण्यात हात घातला आणि जमिनीपासून वर सहा विती मोजल्या. मोजता मोजता तो उभा राहिला. हात गळ्याजवळ येऊन थांबला.

मग मान वर करून तो म्हणाला, “बाबा, जरा सरका. मशीन वर येतंय.”

मला वाटलं, आता म्हातारा सगळं वसूल करणार. पण आजोबांनी वळकटी बाजूला घेतली आणि म्हणाले, “सांभाळून चढ. तिसरी पायरी हलते.”

मशीन वर गेलं, गणवेश वर गेले. मी श्वास सोडला, सुतारानं दोन हातोडे घातले आणि मी उघडलो. सुतार आजही सांगतो की ती त्याची करामत. सांगू दे. मुलगा बाहेर पडता पडता ओरडला, “गुडघा नाही हो, गळा! म्हशी सोडा, चढावर चला!” दूधवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू मी पहिल्यांदाच गायब झालेलं पाहिलं. त्यानं म्हशी सोडल्या, आणि शेवटच्या म्हशीवर आजोबांना बसवून शाळेत नेलं.

घरात मी एकटा. पाणी चढत गेलं. गुडघ्याची खाच केव्हाच बुडाली, टेबल तरंगून माझ्यावर धडका मारू लागलं. मी हललो नाही. पाणी वर वर आलं आणि थांबलं.

चार दिवसांनी सगळे परतले. माझ्या अंगावर चिखलाची नवी रेघ होती. मुलानं आजोबांना तिच्याशेजारी उभं केलं. रेघ त्यांच्या हनुवटीला लागली, कारण म्हातारा आता वाकलाय. आजोबांनी खूश होऊन रेघेवर नवी खाच पाडली. “बघितलं? गळ्याच्याही वर!”

सुतार म्हणाला, “आता सरळ करून लावतो, फुकटात.” त्यानं कुजकं टोक तासलं, त्याला नवी पट्टी ठोकली आणि मला पुन्हा पायांवर उभं केलं. आठवडाभर सगळ्यांनी कपाळं आपटली. आता जुनी खाच गळ्याला आणि नव्या पुराची गुडघ्याला, म्हणजे पुन्हा तोच घोटाळा! पण या वेळी नातीनं तेलरंगानं वर मोठा बाण काढलाय आणि दोन्ही खाचांशेजारी लिहिलंय, ‘दोन्ही वेळा पाणी आजोबांच्या गळ्यापर्यंत. दार फिरवलं होतं, आजोबा नाही.’

काल संध्याकाळी घर भरलं होतं. पलीकडच्या गावचे पाहुणे आले होते. नातीनं हट्ट धरला आणि आजोबांनी कितीतरी वर्षांनी घसा खाकरला.

“यंदाचा पूर?” ते म्हणाले. “पाणी छपराला टेकलं होतं छपराला! मी म्हशीवर बसून कौलांवरून गेलो.”

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. खाचा समोरच होत्या, लिहिलेलं समोरच होतं. आजोबा बोलता बोलता थांबले.

“हो,” मुलगा म्हणाला. “मी पाहिलंय ना. छपराला.”

“कौलं ओली होती,” दूधवाला म्हणाला.

आजोबा पुढं सांगू लागले. माशापर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला नाही.

तर मंडळी, माझं एवढंच मागणं. घरातलं म्हातारं माणूस गळा म्हणालं, तर आधी सामान वर ठेवा आणि मग दाराला विचारा. दार उलटं लागलेलं असू शकतं. आणि छपराला म्हणालं, तर मला विचारूच नका. सुतारानं तेल घातलंय, पण तेल नसतं तरी काल मी करकरलो नसतो. जाताना तेवढं ओढून घ्या.