साण्यावरची घागर

मी एक जुनी मातीची घागर आहे, पण जुनी म्हणून कुणी माझी कीव करू नये. औशाच्या कुंभारानं मला बहात्तरच्या दुष्काळात भाजलं. प्यायला पाणी नव्हतं, तिथं माती भिजवायला त्यानं ते कुठून आणलं असेल? मला अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, औशाजवळच्या एका खेड्यात गुरम्माच्या घरी मी पुष्कळ वर्षं पाणी सांभाळलं. गुरम्मा त्या घरची कर्ती बाई. ती सहसा कुणाचं कौतुक करत नसे, पण पाहुण्याला तांब्या देताना म्हणायची, "आमच्या घागरीतलं प्या, मग सांगा." एवढं मला पुरायचं. मग एका उन्हाळ्यात हापशावरच्या गर्दीत शेजारच्या साखराबाईची पितळी घागर माझ्या पोटावर आदळली आणि मला चीर गेली. पितळेला आवाज मोठा, अक्कल कमी! पाणी धरेना म्हणून मला परसात टाकलं. तिथं कोंबडीसुद्धा मला विचारत नव्हती.

पण माझे दिवस फिरले. आमचं लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. रस्ते व्हायचे म्हणून गावावरून खडीच्या गाड्या धावू लागल्या. पावसानं त्या साली पुन्हा पाठ फिरवलेली. गाडी गेली की फुफाटा उठायचा आणि आमच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, येऊन बसायचा. त्या छताला चुलीच्या वर एक भोक असतं, धूर जायला. त्याला साणं म्हणतात. साण्यातून धूळ खाली पडायची, आणि खाली चुलीजवळच्या पाळण्यात गुरम्माची तान्ही नात होती, दानम्मा.

"माझ्या नातीच्या डोळ्यात माती जाती," म्हणत गुरम्मानं लेकाला, मन्मथला, वर चढवलं आणि साण्यावर मला उपडी घालायला लावलं. पाऊस नव्हताच, त्यामुळे माझी चीर कुणाला नडली नाही. उलट चिरेतून मला रस्ता दिसायचा आणि तोंडातून खालचं घर. असा मान कुठल्या घागरीला मिळाला असेल?

धुळीचा एक कण मी आत जाऊ दिला नाही. पण धुराचं काय? चांगलं सरपण दुष्काळात संपलेलं. सून शिवकांता चुलीत बेशरमीच्या झुडपाच्या काड्या आणि गोवऱ्या घालायची. धूर वर यायचा, माझ्या पोटाला लागायचा आणि परत खाली पाळण्यावर उतरायचा. पोर खोकू लागली. मग तिच्या छातीत घर्रघर्र वाजू लागलं. रात्री ते मला वरपर्यंत ऐकू यायचं.

गावात फिरणारी नर्सबाई महानंदा आली. वर बघून ती म्हणाली, "गुरम्मा, साणं उघडा. धुरानं लेकराची छाती भरलीय."

"आन् फुफाट्यानं भरली तर? तू येशील व्हय झाडाया?"

"अहो, उद्या दवाखान्यात न्यावं लागंल."

"न्हेऊ की. पाय हायत आमाला."

खरंच न्यावं लागलं. औशाच्या डॉक्टरनं औषध दिलं आणि धुराचं तेच सांगितलं. घरी आल्यावर गुरम्मा म्हणाली, "त्याच्या घरी गॅस हाय. त्याचं काय जातंय बोलाया?"

मला नवल वाटायचं. ही बाई नात झोपल्याशिवाय घास खात नाही. मग एवढी माया असून तिला ऐकू का येत नाही? जो भीती घालायचा, त्याच्यावर ती जास्तच तापायची. अशी माया कशानं वळते, हे मला बघायचं होतं.

ते मी बघितलं. हे घर लिंगायतांचं. जन्मल्यावर बाळाला दिलेलं इष्टलिंग, म्हणजे जवळ बाळगायचं छोटं शिवलिंग, पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून पाळण्याच्या दोरीला बांधलेलं असायचं. एका संध्याकाळी गुरम्मानं ते हातात घेतलं आणि भडकली.

"काय गं शिवकांता, हातात जीव न्हाई का? देवाचं वस्त्र असं काळं?"

"सकाळीच धुतलंय, आत्या."

"खोटं नको बोलू. उद्या म्या धुते. बघू कुणाच्या हाताला खोट हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या वाटणीच्या पाण्यातून वस्त्र धुतलं, उन्हात वाळवलं आणि बांधलं. पांढरंशुभ्र! संध्याकाळी चूल विझल्यावर ती बघायला आली. वस्त्र काळवंडलेलं. शिवकांता नुसती भांडी आवरत राहिली. भांड्यांचा आवाज मात्र जरा वाढला.

गुरम्मा पाळण्यावर वाकली. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि दानम्माचं नाक पुसलं. पदरावर तोच काळा रंग आला. पदर तसाच हातात धरून तिनं वर साण्याकडे बघितलं.

"मन्मथा! वर चढ. काढ ती घागर!"

"अगं आई, धूळ येईल की."

"धूळ झाडता येती रं. छातीतलं काय केरसुणीनं झाडू?"

मित्रांनो, मला जरा लागलं. मी काय कमी राखण केली होती? पण मला बाजूला सारताच घरात कोंडलेला धूर भसाभसा बाहेर पडला, तेव्हा कळलं मी काय अडवून बसले होते.

सकाळी खडीची गाडी गेली आणि पाळण्यात धूळ पडली. गुरम्मा कुणालाच शरण जाणारी नव्हे. "घागर ठिव परत, खाली तीन विटा लाव," ती म्हणाली. मी विटांवर टेकले. आता धूळ माझ्या पाठीवर बसते आणि धूर खालच्या फटीतून निघून जातो. स्वयंपाकाच्या वेळी पाळणा ओसरीत जातो. पोरीची छाती हळूहळू शांत झाली.

नर्सबाई पुन्हा आली आणि हसून म्हणाली, "कुणाचं ऐकलं म्हणायचं, गुरम्मा?"

"ऐकाया कशाला पायजे? मला डोळे हायत."

तर मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं बाळ असेल, तर चूल पेटल्यावर एकदा वर बघा. धूर जातो कुठं? त्याला वाट आहे का? नसेल तर आजीला सांगा. आजी ओरडली तर तिला शहाणपण शिकवू नका. बाळाजवळ एक पांढरं फडकं बांधा, आणि ते धुवायला आजीच्याच हातात द्या.