चुकून आलेला चौदा नंबर

कप्तानाने डाव्या पायातला बूट काढला आणि समोरच्या भिंतीवर फेकला. बूट ‘जिद्द हीच ताकद’ या पाटीवर आदळला, पाटी एका खिळ्यावर तिरकी लोंबकळत राहिली. कुणी हसलं नाही, कुणी ती सरळ करायलाही उठलं नाही. मध्यंतराची शिट्टी होऊन दोन मिनिटं झाली होती आणि संघ दोन गोलांनी मागे होता.

पाटी प्रशिक्षकांनी लावलेली होती. या मोसमातले ते तिसरे प्रशिक्षक. पहिल्यांनी संघाला रोज सकाळी ‘आम्ही वाघ’ असं दहादा ओरडायला लावलं. दुसऱ्यांनी डोळे मिटून विजयाचं चित्र बघायला सांगितलं, तेव्हा निम्मे जण बसल्या बसल्या झोपले. तिसऱ्यांनी पाट्या आणल्या. आज त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि दारात पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांवर ती आणून थांबवली.

“ही माणसं तुम्ही आणलीत,” ते म्हणाले. “आता तुम्हीच बोला यांच्याशी.”

आणि ते खरोखरच बाहेर निघून गेले.

हे म्हातारे गृहस्थ क्लबसाठी खेळाडू शोधायचे. गावोगाव फिरून सामने बघायचे, कोण घेण्यासारखा आहे ते ठरवायचं, त्याला घेऊन यायचं. तोंडावर त्यांना सगळे काका म्हणत आणि पाठीमागे पारखी, आणि ते काही कौतुकाने नव्हे. गेल्या दोन वर्षांत पारखींनी नऊ खेळाडू निवडून आणले होते आणि त्या नवरत्नांनी क्लबला तळाशी नेऊन बसवलं होतं. आज मोसमाचा शेवटचा सामना. जिंकलं तर वरच्या गटात टिकायचं, नाहीतर एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा खाली जायचं. बरोबरीनेही भागणार नव्हतं. अध्यक्षांनी सकाळीच पारखींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हरलो तर उद्यापासून यायची तसदी घेऊ नका.

काम सुटलं असतं तरी चाललं असतं, घरी बसायचं वय कधीच झालं होतं. पारखींना खात होतं ते वेगळंच. यांचा डोळा गेला, असं लोक म्हणत होते, आणि ते खरं असावं असं त्यांना स्वतःलाही वाटायला लागलं होतं. अर्थात हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. चूक कबूल करणं हा प्रकार त्यांच्या स्वभावातच बसत नव्हता. त्यांनी आणलेला खेळाडू चालला नाही, की कधी मैदान ओलं असायचं, कधी प्रशिक्षक मठ्ठ असायचा, कधी त्या बिचाऱ्याला इथलं पाणी मानवायचं नाही.

त्यांनी क्रेट खाली ठेवला, घसा साफ केला आणि “हे बघा,” एवढं म्हणाले. पुढे काय बघायचं ते त्यांनाच सुचेना.

“काका, तुम्ही बोलायच्या आधी मला एक सांगायचंय.”

बोलणारा चौदा नंबर होता. मैदानाच्या मधोमध खेळणारा हा खेळाडू दीड वर्षात कुणाशी धड दहा वाक्यं बोलला नव्हता. बॉल आला की जवळच्याला देऊन टाकायचा आणि बाजूला व्हायचा, परक्या घरी आलेला पाहुणा कुठे बसू नि कुठे नको करतो तसा. त्याने तोंड उघडलेलं बघून सगळ्यांनी माना वर केल्या.

“तुम्ही मला आणलंच नव्हतं,” तो म्हणाला. “तुम्हाला दुसरा हवा होता.”

मग त्याने सगळं सांगून टाकलं. पारखी त्याच्या जुन्या संघाचा सामना बघायला आले, त्या दिवशी त्यांची बस उशिरा पोचली आणि ते आले ते थेट उत्तरार्धात. पूर्वार्धात त्याच्या एका मित्राचं डोकं फुटलं होतं. रक्ताने माखलेल्या शर्टात पंच खेळू देईनात, आणि संघाकडे जादा शर्ट नव्हता. हा पाय मुरगळून बाकावर बसला होता. त्याने आपला शर्ट काढून मित्राला दिला. डोक्याला पट्टी बांधलेला तो मित्र चौदा नंबर घालून उरलेला सामना असा खेळला, की बघणारे थक्क झाले. पारखींनी यादीत चौदाच्या समोरचं नाव बघितलं, टिपून घेतलं, आणि आठवड्याने बोलावणं आलं ते त्याला, बाकावर उघडा बसलेल्याला.

“तेव्हाच सांगायला हवं होतं,” तो म्हणाला. “पण धीर झाला नाही. आपण हरून खाली जाणार असू तर निदान हे मनात ठेवून नको, म्हणून आज सांगतोय.”

पारखींची कानशिलं तापली. ही गोष्ट त्यांना पहिल्याच आठवड्यात कळली होती. सरावाला पोरगा दहा पावलं धावला तेवढ्यातच त्यांनी ओळखलं होतं, त्या दिवशी पाहिलेलं धावणं हे नव्हतं. पण त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की पाय दुखावलाय, वेळ द्या. आताही काहीतरी सांगता आलं असतं. हवापाण्याचं कारण जिभेवर आलंही होतं. पण समोरचा पोरगा इतक्या सरळ नजरेने बघत होता, की ते कारण बाहेर पडेना.

“माहीत आहे मला,” पारखी म्हणाले. “चूक झाली माझी.”

मग कोपऱ्यातून गोलकीपर, ज्याला प्रेक्षक खांब म्हणत, हळूच म्हणाला की आता विषय निघालाच आहे तर त्यालाही एक सांगायचंय. त्याला बघायला काका आले होते त्या दिवशी त्याने एकही गोल खाल्ला नाही हे खरं, पण त्या दिवशी पूर्ण सामन्यात त्याच्याकडे बॉलच आला नव्हता.

“एकदाही नाही?” कप्तानाने विचारलं.

“एकदा आला. पण तो आपल्याच माणसाने मागे दिला होता.”

पहिलं हसू कुणाचं फुटलं ते कळलं नाही. मग पुढे खेळणारा, ज्याला सगळे व्हिडिओ म्हणत, तोही उभा राहिला. त्याला क्लबने घेतलं ते एका व्हिडिओतले सात गोल बघून. ते सातही गोल एकाच दुपारी एका कचेरीच्या संघाला मारले होते, मध्ये फक्त शर्ट बदलला होता. संघातल्या दोघा भावांपैकी धाकट्याने सांगितलं, की पसंत केला होता मोठ्याला, पण न्याल तर दोघांना न्या नाहीतर एकालाही पाठवणार नाही, असं आई म्हणाली म्हणून तो आला. पारखी एकेकाकडे बघून मान हलवत होते आणि दर वेळी “हो, तीही चूक,” म्हणत होते. तिसऱ्या-चौथ्या वेळी तर त्यांना मोकळं वाटायला लागलं. संपूर्ण मोसमात या खोलीत एवढं हसणं कुणी ऐकलं नव्हतं.

“माझं काय?” कप्तान डोळे पुसत म्हणाला. तो अकरा वर्षं इथेच होता. “मला तर कुणी आणलं नाही.”

“तुला घालवायचं राहून गेलं,” पारखी म्हणाले, आणि मग भिंती हादरल्या.

हसण्याच्या त्या गलक्यात पारखींच्या डोक्यात मात्र एक गोष्ट अडकून बसली होती. त्या दिवशीचा तो सामना त्यांना आठवत होता. डोक्याला पट्टी बांधलेला तो खेळाडू, बॉल यायच्या आधीच तिथे पोचलेला. आणि एक आवाज. बाकावरून कोणीतरी सतत कोकलत होतं. इतकं, की वैतागून पारखी दोन पायऱ्या वर जाऊन बसले होते.

“तू काय ओरडत होतास रे त्या दिवशी?” त्यांनी चौदा नंबरला विचारलं.

“मी? तो गांगरला होता ना डोक्याला लागल्यावर. त्याला काही सुचत नव्हतं. म्हणून मी सांगत होतो. मागे ये, थांब, आता डावीकडे जा, सोड त्याला, असं. तो बिचारा सांगेन ते करत होता.”

“आणि तुला कसं कळत होतं?”

“दिसतं ना ते,” तो म्हणाला, जणू सगळ्यांनाच दिसतं.

पारखी मटकन बाकावर बसले. दीड वर्षं ते या पोराच्या पायांकडे बघत बसले होते. जे त्यांना तेव्हा आवडलं होतं ते त्या दुसऱ्याच्या पायात नव्हतंच. ते बाकावर बसलं होतं, उघड्या अंगाने, घसा फोडत.

“मग इथे का नाही ओरडलास कधी?”

चौदा नंबर खाली बघायला लागला. “चुकून आलेल्या माणसाने कुणाला काय सांगायचं, काका?”

उत्तर कप्तानाने दिलं. तो भिंतीपाशी जाऊन आपला बूट घेऊन आला आणि पायात चढवता चढवता म्हणाला, “इथे सगळेच चुकून आलेत. ओरड बिनधास्त.”

उत्तरार्धाची पहिली पाच मिनिटं चौदा नंबर लाजत लाजत ओरडला. मग प्रतिस्पर्ध्यांचा एक हल्ला त्याने नुसत्या आवाजाने थोपवला, धाकट्या भावाला तीन पावलं मागे खेचून, आणि त्यानंतर त्याची भीड चेपली. त्याचा आवाज मैदानभर फिरायला लागला. जे अकरा जण वर्षभर आपापल्या जागी एकेकटे धावत होते ते एकमेकांच्या आधाराने धावायला लागले. बाजूरेषेपाशी प्रशिक्षक तोंडाचा आ करून उभे होते.

छप्पन्नाव्या मिनिटाला चौदा नंबर “आत जा” म्हणून ओरडला, व्हिडिओ काहीच न बघता आत गेला, आणि बॉल त्याच्या पायाशी आला. त्याने तो जाळ्यात घातला आणि धावत थेट पारखींसमोर जाऊन उभा राहिला.

“हा खरा आहे, काका,” तो म्हणाला. “शर्ट एकच आहे.”

दुसरा गोल कप्तानाने डोक्याने केला आणि त्या भानगडीत स्वतःचं नाक फोडून घेतलं. नाकाला बोळा लावून तो पुन्हा उतरला. मग प्रतिस्पर्धी चवताळून अंगावर आले. सलग तीन फटके खांबाने अडवले, त्यातला तिसरा तोंडाने. ज्यांनी त्याला खांब हे नाव दिलं होतं तेच पत्र्याच्या छपराखाली उभे राहून त्याच्या नावाचा जयघोष करत होते. पारखींना उभं राहवेना नि बसवेना. एकदा तर त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड एवढा आवळला, की त्या बिचाऱ्याने हळूच तो सोडवून घेतला.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा चौदा नंबरचा घसा पार बसला होता. तो ओरडला, पण नुसती हवा बाहेर पडली. मग त्याने हात उंच करून धाकट्या भावाला उजवीकडची मोकळी जागा दाखवली. आईच्या हट्टापायी आलेला तो पोरगा जीव तोडून धावला आणि त्याने तिसरा गोल मारला. त्यानंतर शिट्टी कधी झाली ते कुणालाच कळलं नाही, कारण निम्मा गाव मैदानात उतरला होता आणि पारखी एका माणसाच्या खांद्यावर बसून खाली उतरवा, उतरवा म्हणत होते. खाली बघतात तो ज्याच्या खांद्यावर बसले होते तो माणूस म्हणजे प्रशिक्षक.

अध्यक्ष लगबगीने आले. सकाळचं बोलणं ते सोयीस्करपणे विसरून गेले होते. पारखींच्या पाठीवर थाप मारत त्यांनी पत्रकाराला सांगितलं, की असा डोळा शोधून सापडायचा नाही. पत्रकाराने चौदा नंबरला प्रश्न विचारला, पण त्याने घशाकडे बोट दाखवलं. तेव्हा पत्रकाराने पारखींना विचारलं, की या खेळाडूमध्ये तुम्हाला नेमकं काय दिसलं होतं.

चौदा नंबर त्यांच्याकडे बघत होता. कप्तानही बोळा सावरत थांबला होता.

“काहीच नाही,” पारखी म्हणाले. “मी दुसऱ्यालाच घ्यायला गेलो होतो. हा ओरडत होता म्हणून मी वैतागून जागा बदलली. आज मध्यंतरात कळलं मला, हा कोण आहे ते.”

अध्यक्ष खो खो हसले. पत्रकारही हसला आणि त्याने वहीत काहीतरी लिहिलं. चौदा नंबरने आवाज न करता पारखींना अशी मिठी मारली, की त्यांचा चष्मा वाकडा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको पेपर वाचून दाखवत होती. चष्मा दुरुस्तीला गेला होता.

“‘आपल्या नेहमीच्या नम्रपणाने त्यांनी श्रेय घ्यायचं नाकारलं,’” तिने वाचलं आणि ती थांबली. “नेहमीच्या?”

“नम्रपणा कसला अगं. खरं तेच सांगितलं मी. चूक झाली होती माझी.”

बायकोने पेपर मांडीवर ठेवला. चौतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य या घरात उच्चारलं गेलं नव्हतं.

“परत म्हणा बरं.”

पारखींनी परत म्हटलं. कालपासून ते त्यांना चांगलं जमायला लागलं होतं.

तिने फक्त दाराबाहेरच्या गॅलरीकडे बघितलं. तिथे अकरा वर्षांपूर्वी पारखींनी नुसत्या नजरेने माप घेऊन आणलेलं लाकडी कपाट उभं होतं. ते दारातून आत आलं नव्हतं. तेव्हापासून त्यात झाडू आणि जुन्या चपला राहत होत्या, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला पारखी सांगत आले होते, की सुताराने दार अरुंद केलंय. बायकोने कपाट बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं आणि वाट बघत राहिली.

“दार बरोबर आहे,” पारखी म्हणाले. “कपाट मी मोठं आणलं.”