वेल्डिंग मारलेली सीट

"गुडघा दुखतोय म्हणे! अडतिसाव्या वर्षी?" हेडक्लार्क चिंतामणी कर्णिकांनी शिपाई जानूचा रजेचा अर्ज टेबलावर आपटला. भिवंडीतल्या त्या शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात कर्णिकांना सबबी सांगणाऱ्यांची भारी चीड. असे एखादे कर्णिक तुमच्या-आमच्या ऑफिसातही असतात, आणि खरे सांगायचे तर थोडेसे आपल्यातही असतात.

साल १९८७. जानू आठ महिने रोज ऑफिसच्या सायकलवरून शेलार आणि वळ या गावांतल्या शाळांत टपाल पोचवत होता. अलीकडे ही त्याची चौथी रजा. कर्णिकांनी 'कामचुकार आहे, नोकरीवरून कमी करावे' असा अहवाल लिहिला. संध्याकाळी तो अहवाल संस्थेच्या सेक्रेटरींकडे जाणार होता. सोबत सायकल ठणठणीत असल्याचा दाखला जोडावा, म्हणून ते स्वतः ती घेऊन नाक्यावरच्या हिरामणच्या दुकानात गेले.

हिरामणने चाके फिरवली, चेन पाहिली. "सायकल एकदम ओके हाय, साहेब. दाखला देतो. पन आधी शेलारपर्यंत एक फेरी मारून या."

"मी?"

"तुमीच. जानूएवढेच उंच हाव की!"

कर्णिक ऐटीत निघाले. पण पाय काही केल्या लांब होईनात. गुडघे वर येऊन हँडलला आपटत होते. चढावर तर गुडघ्याच्या वाटीखाली अशी कळ आली, की ते मुकाट्याने खाली उतरले आणि सायकल ढकलत परत आले.

"अरे, ही सीट एवढी खाली कुणी बसवली?" ते ओरडले.

"तुमीच, साहेब. दोन सीटा चोरीला गेल्या, तवा तुळशीराम शिपाई व्हता. तो बुटका. त्याच्या मापानं तुमी वेल्डिंग मारायला लावलंत. मी म्हनलो, उद्या उंच मानूस आला तर? तुमी म्हनलात, तू आपलं काम कर."

कर्णिक वाकून सीटखालचे ते वेल्डिंग पाहू लागले.

हिरामण थांबला नाही. "पायडल पार खाली असताना टाच टेकली, की पाय जवळजवळ सरळ व्हायला पायजे. चालवताना चवड्यानं जोर लावायचा. उभा चढ आला तर उतरून चालायचं. आनि गुडघा दुखाय लागला, तर सायकल भिंतीला टेकवायची न् डॉक्टरला दाखवायचं. साहेब, चोरानं सीट नेली तर दुसरी मिळंल. गुडघा कुठल्या दुकानात मिळतो?"

कर्णिक तडक टेमघरला जानूच्या घरी गेले. जानू मिठाच्या पुरचुंडीने आळीपाळीने दोन्ही गुडघे शेकत बसला होता. साहेबांना बघून तो धडपडत उठू लागला, पण अर्ध्यावरच कण्हून खाली बसला. आपल्याला मान द्यायला हा माणूस उठतो आहे, आणि आपल्या खिशात त्याच्या भाकरीवर टाच आणणारा कागद आहे! कर्णिकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

"जानू, सीटचं मला आधी का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं, साहेब." जानू संकोचून म्हणाला. "तुमी म्हनलात, ऑफिसच्या मालाला हात लावायचा न्हाय."

कर्णिकांना ते आठवतही नव्हते. याचीच त्यांना सगळ्यात जास्त शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी जानूला रिक्षाने ऑफिसात आणवून त्यांनी सगळ्या स्टाफसमोर तो अहवाल वाचून दाखवला आणि जानूच्या नावावर काट मारून तिथे स्वतःचे नाव लिहिले. "चूक माझी आहे. जानू, मला माफ कर," असे ते म्हणाले. त्याच दिवशी हिरामणने वेल्डिंग कापले, आणि जानूला बरे वाटेपर्यंत बसून करायचे काम मिळाले.

वाचकहो, सायकलची सीट बसणाऱ्याच्या मापाने ठेवा. आणि हाताखालचा माणूस दुखतंय म्हणाला, तर त्याला खोटे ठरवण्याआधी विचारा, कुठे दुखतंय आणि कशाने? कर्णिकांना एवढे विचारायला आठ महिने लागले. जानूचा उजवा गुडघा महिनाभरात सुधारला. डावा मात्र पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही.