झाकलेला लाल दिवा

पुलाच्या चढावर गाडी दोनदा अडखळली, आतून कुणी हातोडी मारावी तसा ठक्क आवाज आला आणि इंजिन बंद पडलं.

"क्लच दाबा, मास्तर. डावीकडे घ्या. स्टिअरिंग जड लागेल, जोर लावा. हां, आता ब्रेक."

बाईंचा आवाज रोजच्यासारखा शांत होता. त्यांचा स्वतःचा पाय मात्र त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर केव्हाच गेला होता. शिकवणीच्या गाडीत ब्रेक दोघांच्याही पायाशी असतो, तो अशाच वेळेसाठी.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. वय सत्तावन्न. जावयाच्या गाडीत मागच्या सीटवर गाठोड्यासारखं बसून कंटाळा आला म्हणून ते बाईंच्या क्लासला आले होते. आज त्यांचा अकरावा धडा.

"मी काय केलं?" दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरत त्यांनी विचारलं.

"काही नाही केलंत."

"असं कसं? माझ्या दुकानात मशीन बंद पडलं की चूक शिकाऊचीच निघते."

बाई पुढे वाकल्या आणि स्टिअरिंगच्या मागे लावलेला पुठ्ठा त्यांनी ओढून काढला.

हा पुठ्ठा बाईंच्या क्लासची खासियत होती. नवा माणूस गाडी शिकताना रस्त्यापेक्षा काट्यांकडे जास्त बघतो. वेग किती झाला, गिअर बरोबर पडला का, म्हणून त्याची मान सारखी खाली जाते. म्हणून पहिले पंधरा धडे बाई काटे आणि दिवे सगळे पुठ्ठ्यानं झाकून टाकत. वेग कानानं ओळखायचा, गिअर इंजिनाच्या आवाजावरून बदलायचा. बावीस वर्षं त्यांनी असंच शिकवलं होतं आणि त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं खरोखरच मान वर ठेवून गाडी चालवत.

पुठ्ठ्यामागे तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवा लागलेला होता.

इंजिन बंद असताना किल्ली चालू राहिली, तर तो दिवा एरवीही लागतो. त्यामुळे तो आत्ता लागला, की पुठ्ठ्याआड मघापासूनच जळत होता, हे कळायला मार्ग नव्हता. दिव्याला आवाज नसतो.

बाईंनी बॉनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा बुडवून बघितली. तेल पुरेपूर होतं. मग त्यांनी किल्ली एकदा फिरवून पाहिली. इंजिन हललंसुद्धा नाही.

त्यांनी घरी फोन लावला. घराच्या पुढच्या खोलीत क्लासचं ऑफिस होतं आणि तिथं बाईंचे यजमान बसत. फॉर्म भरणं, वेळा लावणं, कागद फाइलला लावणं ही सगळी कामं त्यांची.

"गाडीचं इंजिन जाम झालंय. वॉरंटी कधीपर्यंत आहे, बघा जरा."

पानं उलटल्याचा आवाज आला.

"अहो?"

"आज," ते म्हणाले. "आजची शेवटची तारीख आहे. मी पुढच्या महिन्यातली धरून बसलो होतो. सर्व्हिस सेंटरचं काउंटर सहाला बंद होतं. त्याच्या आत गाडी तिथं पोचून फॉर्मवर आजची तारीख पडली पाहिजे. उद्याची पडली तर संपलं."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. क्लासची गाडी ही एकच. नवं इंजिन स्वतःच्या खिशातून बसवणं त्या दोघांना या जन्मी जमणार नव्हतं. तारीख हुकली, तर दारावरची पाटी काढायची, एवढं सरळ होतं ते.

टोइंगची गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. ड्रायव्हर अंगानं आडवा आणि बोलण्यात सावकाश होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, तिच्या दारावरची क्लासची पाटी वाचली आणि म्हणाला, "शिकवता तुम्ही? मग बंद कशी पाडली?"

"आधी उचल रे बाबा," मास्तर म्हणाले, "गप्पा वाटेत मारू."

वाटेत कुणीच गप्पा मारल्या नाहीत. टोइंगच्या केबिनमध्ये तिघं खेटून बसले होते. एका चौकात सिग्नल तीनदा हिरवा होऊन लाल झाला, तरी पुढची रांग हलली नाही. मास्तर दर मिनिटाला मनगटावरचं घड्याळ बघत होते आणि मग घाईनं बाही खाली ओढत होते. जणू घड्याळ झाकलं की वेळ थांबणार होता.

यजमानांचा पुन्हा फोन आला. "हे बघ, फॉर्मवर एक प्रश्न असतो. मी आपल्या कागदांत वाचलाय. तेलाचा दिवा लागल्यावर गाडी किती चालवली, असं विचारतात. दिवा दिसूनही चालवली तर ते हात वर करतात. दिवा लागला नि लगेच थांबवली, असं लिही."

"मला माहीत नाही कधी लागला ते."

"तेच म्हणतोय. माहीत नाही ना, मग लगेच थांबवली असं लिहायला काय हरकत आहे? तिथं शाळा भरवू नकोस."

सर्व्हिस सेंटरच्या फाटकातून गाडी आत गेली, तेव्हा पाच पंचवीस झाले होते. काचेच्या खोलीत काउंटर होतं आणि त्याच्यामागे केस घट्ट बांधलेली एक तरुण मुलगी कॉम्प्युटरवर बसली होती. भिंतीपलीकडे शेडमध्ये मेकॅनिक हात धुवायच्या बेतात होते.

"नशीब तुमचं," बाईंचे कागद चाळत मुलगी म्हणाली. "कंपनीचे तपासणारे साहेब आज इथंच आहेत. हा फॉर्म भरून जॉब कार्ड उघडलं की ते लगेच गाडी बघतील." ती भराभर टाइप करू लागली. "दिवा लागल्यावर गाडी किती चालवली?"

बाईंनी तिच्या मागच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच बत्तीस.

"लगेच थांबवली," त्या म्हणाल्या.

"चालवत कोण होतं?"

"मी," मास्तर म्हणाले. "म्हणजे, शिकत होतो."

"मग सही तुमची लागेल. चालवणाऱ्याची." प्रिंटरमधून कागद निघाला. मुलीनं तो मास्तरांसमोर सरकवला आणि त्या ओळीवर पेननं फुली केली. "वरचा मजकूर खरा आहे, असं आहे ते."

मास्तरांनी चष्मा लावला. वरचा मजकूर त्यांनी नीट, ओठ हलवत वाचला. मग बाईंकडे बघून डोळे मिचकावले आणि हळूच म्हणाले, "तुमच्यासाठी एवढं नाही करणार?" आणि लफ्फेदार सही ठोकली.

बाई त्या सहीकडे बघत राहिल्या. आपण खोटं बोललो तोवर ती आपलीच गोष्ट होती. आता तिच्याखाली नाव होतं एका विद्यार्थ्याचं, ज्यानं बाई सांगतात ते खरं धरून अकरा दिवस दिवे झाकलेली गाडी चालवली होती. मुलीनं कागदावर शिक्का मारला. पाच सदतीस.

"तो कागद परत द्या," बाई म्हणाल्या.

"का हो?"

"त्यात चूक आहे. दिवा झाकलेला होता. कधी लागला, मला माहीत नाही."

मास्तर वळले. "बाई, अहो, झालंय ना काम!"

मुलीनं खुर्ची मागे ढकलली. "काकू, समजून घ्या. एका गाडीचं एका वेळी एकच कार्ड उघडतं. हे रद्द केल्याशिवाय दुसरं होत नाही आणि रद्द करायचा पासवर्ड फक्त मॅनेजरकडे असतो. सहाला सिस्टिम तारीख बदलते. मधल्या मध्ये अडकलात तर तुमच्याकडे हेही नाही आणि तेही नाही. राहू द्या ना."

"मॅनेजर कुठे आहेत?"

"मागे. गाड्या धुतात तिथं. एका गिऱ्हाइकाशी भांडण चाललंय."

बाई निघाल्या. चालता चालता त्यांची चाल पळण्यात कधी बदलली, हे त्यांनाही कळलं नाही. मागे फेसानं माखलेल्या एका गाडीजवळ मॅनेजर उभा होता आणि एक माणूस दारावरचा ओरखडा दाखवून त्याच्यावर आवाज चढवत होता. बाई दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या फॉर्मवर खोटं लिहिलंय. मीच सांगितलं होतं. ते रद्द करायचंय. सहाच्या आत."

मॅनेजरनं मनगटाकडे बघितलं. "पावणेसहा होऊन गेलेत, बाई."

"म्हणूनच धावत आले."

तो आला. पण कॉम्प्युटरनं पहिल्या वेळी पासवर्ड घेतला नाही. दुसऱ्या वेळी पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. पाच एकावन्न. मास्तर काउंटरच्या कडेवर बोटांनी टकटक करू लागले, तसा बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. कार्ड रद्द झालं. आता बाईंच्या नावावर या इमारतीत एकही कागद नव्हता.

मुलीनं पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतलं. गाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर, किलोमीटर. तिची बोटं इतकी भराभर चालली की दोन आकडे उलटसुलट पडले, ते तिला खोडावे लागले. "दिव्याच्या रकान्यात काय लिहू?"

"काटे आणि दिवे पुठ्ठ्यानं झाकले होते. दिवा कधी लागला, ठाऊक नाही. झाकायला मी सांगितलं होतं."

"असं लिहू?"

"असंच लिहा."

प्रिंटरनं कागद अर्धा बाहेर काढला, थांबला, आणि मग उरलेला सोडला. पाच अठ्ठावन्न. मास्तरांनी या वेळी साधी, छोटी सही केली.

साहेब उंच, किडकिडीत होते आणि फारसं बोलत नव्हते. त्यांनी गाडीला वायर जोडली, हातातल्या यंत्रावर गाडीनं ठेवलेली नोंद वाचली आणि मग बाईंचा कागद वाचला. नंतर पुन्हा यंत्र.

"दिवा लागल्यापासून इंजिन चार मिनिटं दहा सेकंद चाललं," ते म्हणाले. "आवाज आला नाही तुम्हाला?"

बाईंचे कान हीच त्यांची इस्टेट होती. लोक त्यांना त्यासाठी ओळखत. आला नाही, असं म्हणून भागलं असतं.

"आला," त्या म्हणाल्या. "पेट्रोल पंपाच्या वळणावर इंजिनाच्या वरच्या बाजूनं बारीक टिकटिक सुरू झाली. मला वाटलं, यांचा गिअर चुकतोय. मी यांना रागावले आणि तिसऱ्यात आणायला लावलं. टिकटिक तशीच राहिली. पुलावर ठक्क झालं तेव्हा थांबलो."

"म्हणजे गिअर बरोबर होता माझा!" मास्तर म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

साहेबांच्या तोंडावरची एक रेघही हलली नाही. त्यांनी मेकॅनिकला खूण केली. मेकॅनिकनं तेल उतरवलं. काळं, भरपूर तेल परातीत पडत राहिलं. मग त्यानं इंजिनाखालचं तेलाचं भांडं सोडवलं, आणखी बराच वेळ पान्ह्यानं झटापट केली आणि तळहाताएवढा ऑइल पंप साहेबांसमोर धरला. आतल्या चक्राचे तीन दात उडालेले होते.

तेल इंजिनाला कशासाठी लागतं, हे बाई पहिल्या दिवशी शिकणाऱ्याला तळहात घासायला लावून शिकवत. कोरडे घासले की हात तापतात, ओले घासले की सरकतात. इथं तेल खाली भरपूर होतं, पण वर चढवणारा पंपच मोडला होता आणि इंजिनाचं लोखंड चार मिनिटं कोरडं घासत राहिलं होतं.

"पंप आपोआप तुटलाय," साहेब म्हणाले. "तो दोष आमचा. पण टिकटिक सुरू होताच थांबला असता, तर इंजिन बहुतेक वाचलं असतं. तो तुमचा."

बाईंनी मान डोलावली. मास्तर काही बोलायला गेले, त्यांना बाईंनी डोळ्यांनीच थांबवलं.

साहेब कागदावर लिहीत होते. पेन थांबलं, पुन्हा चाललं. शेडमधले दिवे एकेक करून बंद होत होते.

"नवं इंजिन लिहिता येणार नाही," शेवटी ते म्हणाले. "हेच खोलून, पंप आणि आतले जळलेले भाग वॉरंटीत बदलून देऊ. सुटे भाग बाहेरून येतात. महिना धरून चाला."

"पण चालेल?"

"चालेल."

बाईंनी सही केली.

बाहेर फाटकाशी येऊन त्यांनी घरी फोन लावला.

"मिळालं. दुरुस्त करून देणार आहेत. महिनाभर क्लास बंद राहील."

यजमानांनी सोडलेला श्वास मास्तरांनाही ऐकू आला. "आणि दिव्याचं काय लिहिलंस?"

"खरं."

"बरं. मग आता सगळ्यांना फोन करून काय सांगू? गाडी बिघडली, एवढंच?"

"नाही. लिहून घ्या. पेन आहे?"

"आहे."

"बाईंनी दिवे झाकायला लावले होते, आवाज आला तो त्यांनी चुकीचा ओळखला, म्हणून इंजिन जळलं."

"जळलं," यजमान लिहिता लिहिता पुटपुटले. "पुढे?"

"पुढे तारीख द्या. महिन्यानंतर पहिला धडा मास्तरांचा."