बातिस्तची बावीस काडतुसं

उन्हाळ्यात डॉक्टरांनी मायतेचा उजवा खांदा बदलला आणि घरी सोडताना बजावलं, "बाई, बंदुकीचा दस्ता ह्या खांद्याला पुन्हा लावायचा नाही. एकदाही नाही." आणि नेमका त्याच आठवड्यात सोडतीत तिला हरणाच्या शिकारीचा परवाना लागला. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, दुसरं काय!

ह्या वर्षी तिला जायचंच होतं. दर ऑक्टोबरात ती आणि नवरा बातिस्त बफेलो गावाच्या दक्षिणेच्या माळावर जात, एक प्राँगहॉर्न हरीण मारत, आणि हिवाळाभर ते पुरवून खात. फेब्रुवारीत बातिस्त गेला. जायच्या आधी, हात थरथरत असताना, टेबलाशी बसून त्याने बावीस काडतुसं भरली. दारू तोलून, गोळी बसवून, एकेक पुसून डबीत ठेवली. "शरदात लागतील," म्हणाला. त्याच्या हातचं शेवटचं काम ते. मायतेने डबी स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी ठेवली होती आणि रोज सकाळी कॉफी ओतताना ती डबीकडे बघायची.

शेजारी ऑरिन टॉली बंदुका दुरुस्त करायचा. शेजारी म्हणजे तीन मैलांवर. जीभ तिखट, पण हात सोन्याचे. तो आपणहून दारात येऊन उभा राहिला, टोपी डोक्यावरच. ती टोपी उतरलेली कुणी पाहिली नव्हती. बातिस्तच्या दफनालासुद्धा थंडीचं निमित्त करून त्याने ती काढली नव्हती, आणि मायतेने ते मनात ठेवलं होतं.

"खांद्याला लावायची नाही ना? नको लावू," तो म्हणाला. "मी तुला आखूड देतो करून. दोन वीत नळी, दस्ता नाही, वर दुर्बीण. वाळूच्या पिशवीवर ठेवायची, दोन हातांनी धरायची. दोनशे पावलांवर हरीण पडेल. काडतूस कोणतं, तेवढं सांग."

"बातिस्तचं."

"ते? अगं, ते लांब रायफलीचं काडतूस! दोन वीत नळीला ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

"मला तेच हवंय."

"मायते, एकदा नळीत काडतुसाचं मोठं घर कापलं की ते परत लहान होत नाही."

"मग काप मोठं! मी कुठे लहान मागतेय?"

ऑरिनने वाद घातला नाही. शनिवारी ये, एवढंच म्हणाला.

शनिवारी त्याच्या अंगणात एक पांढरी चादर जमिनीवर अंथरली होती, चारी कोपऱ्यांवर दगड. टेबलावर दोन आखूड बंदुका. एक त्याची स्वतःची, लहान काडतुसाची. दुसरी मोठ्या काडतुसाची, एका हट्टी गिऱ्हाइकाने मुद्दाम करून घेतलेली आणि दोन बारांत परत आणून टाकलेली.

"हां, आता उडव त्या मोठीतून. काडतूस माझं आहे, तुझी डबी जपून ठेव."

मायतेने चाप ओढला. अरे देवा! नळीच्या तोंडाशी टोपलीएवढा जाळ झाला, मनगटं झिणझिणली, कानांवर झाकणं असूनही डोकं घुमलं. चादरीवर काळे दाणे पसरले.

"ती बघ, न जळलेली दारू," ऑरिन म्हणाला. "नळी संपते तरी दारू जळायची राहते. उरलेली हवेत फुकट जाते, आणि लाथ मात्र पुरेपूर तुला बसते."

लहानीतून बार काढला, तर चादरीवर चिमूटभरच काळं पडलं. वेग मोजणाऱ्या यंत्राने मोठीला जरासाच जास्त वेग दाखवला.

"जास्त तो जास्तच," मायते हट्टाने म्हणाली.

"बरं बाई. आणखी एकदा उडव मोठी."

त्याने बंदूक भरून दिली. तिने नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. टक्. नुसताच आवाज. पण नळी मात्र दचकून खाली गेली आणि मायतेचे डोळे गच्च मिटले गेले. ऑरिनने आत काडतुसाची नुसती रिकामी पुंगळी घातली होती.

बंदूक उडाली नव्हती, दचकली होती ती स्वतः. हरणासमोर अशी दचकली असती तर गोळी पोटात लागली असती आणि ते जनावर दिवसभर माळावर लंगडत फिरलं असतं. बातिस्तला सगळं चालायचं, हे एवढं चालत नसे.

"लबाडा," ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं. "त्याच्या हातचं काहीतरी बरोबर न्यायचं होतं रे मला. एवढंच होतं."

"डबी आणलीस?"

तिने कोटाच्या खिशातून काढून दिली. ऑरिनने एक काडतूस उचललं, हातोडीसारख्या पोकळ अवजारात घातलं आणि लाकडावर तीनदा आपटलं. दारू आतच सांडली, पुंगळी बाजूला झाली. गोळी त्याने मायतेच्या तळहातावर ठेवली.

"हिची जाडी आणि लहान काडतुसाच्या गोळीची जाडी एकच. वजनही मला हवं तेवढंच. घर लहान कापतो, दारू मापात घालतो, गोळी बातिस्तची."

मायतेने गोळी मुठीत धरली. मग तिचा पारा चढला. "हे आधी नाही सांगता आलं तुला?"

"तू कुणाचं ऐकून घेत होतीस?"

ती रडता रडता हसली. लहान घराची बंदूक हाती आल्यावर तिने महिनाभर ऑरिनच्या गोळ्यांनी सराव केला, शेवटच्या आठवड्यात नेम बसवायला बातिस्तच्या चार वापरल्या. एकदाही दचकली नाही.

ऑक्टोबरातल्या सकाळी दोघं माळावर पालथी पडली. ऑरिन आला होता, कारण एका हाताने हरीण ओढायचं कसं? दोनशे पावलांवर नर आडवा उभा राहिला. मायतेने पिशवीवर बंदूक टेकली, डोळे उघडे ठेवले आणि चाप ओढला. नर जागच्या जागी बसला, मग कलंडला.

बातिस्तची रीत होती. जनावरापाशी जायचं, टोपी काढायची, आपल्या बास्क बोलीत आभार मानायचे, मगच चाकू काढायचा. मायते गुडघ्यांवर बसली. डावा हात तिने हरणाच्या उबदार मानेवर ठेवला होता, तो तिला उचलवेना. उजवा टोपीपर्यंत न्यायला गेली तर छातीशीच अडला. पुन्हा नेला, पुन्हा अडला.

ऑरिन खाली वाकला. त्याने तिची टोपी अलगद काढून तिच्या मांडीवर ठेवली. मग स्वतःची काढली. डोकं पार टकलं होतं.

"एस्केरिक आस्को," मायते म्हणाली. वारा वाहत होता.

"आभार कुणाचे मानलेस?" ऑरिनने विचारलं. "ह्याचे की बातिस्तचे?"

"दोघांचे. आणि तुझे, मेल्या. घाल आता ती टोपी, कान गारठतील."

पण त्याने लगेच घातली नाही.